सायकलची बीबी जाम झालीय? जोर लावण्याआधी दिशा तपासा

उजव्या बाजूचे आटे उलटे का असतात, पाना कुठल्या बाजूला ओढायचा आणि हातोडा कधी खाली ठेवायचा

सात रस्ता चौकात वाट चुकली तर पुढच्या वळणावरून परत फिरता येते. सायकलची जाम झालेली बीबी काढताना मात्र ही सोय नसते. पाना चुकीच्या दिशेला लावला, तो हलेना म्हणून त्यावर हातभर लांबीचा पाइप चढवला आणि दोघांनी मिळून जोर दिला, तर बीबी सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसते. त्यानंतर फ्रेमचे आटे तरी जातात किंवा पान्याची पकड तरी. दोन्हीत नुकसान सायकलवाल्याचेच.

सोलापूर हे सायकलींचे जुने शहर. १८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे आपली ‘जुनी मिल’ सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि भोंगा झाला की कामगारांच्या काळ्या सायकली रस्त्यावर येऊ लागल्या. आज त्याच रस्त्यांवर दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक, दूधवाल्याची, वॉचमनची किंवा यंत्रमाग कामगाराची जुनी दांड्याची सायकल. दुसरी, सकाळी अक्कलकोट किंवा तुळजापूरच्या दिशेने निघणाऱ्या हौशी मंडळींची गिअरची सायकल. दोन्हींच्या पोटात बीबी असते आणि दोन्हींची जाम होते. काढायची पद्धत मात्र वेगळी आहे.

बीबी म्हणजे नेमके काय?

दोन्ही क्रँकना जोडणारा एक्सल फ्रेमच्या ज्या आडव्या नळीतून जातो, त्या नळीतल्या सगळ्या जोडणीला मिस्त्री बीबी म्हणतात. बॉटम ब्रॅकेटचे हे छोटे रूप. जुन्या सायकलीत दोन बाजूंना दोन वाट्या, मध्ये एक्सल आणि प्रत्येक बाजूला पाव इंची छर्रे असतात. ‘ओव्हरऑइलिंग’ करताना मिस्त्री रॉकेलच्या डब्यात धुतो ते हेच छर्रे. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. पण सायकलच्या दुकानात तेलाशिवाय काम होतच नाही, त्यामुळे आपला शब्द अधिक पटतो.)

गिअरच्या सायकलीत छर्रे सुटे नसतात. बेअरिंग आणि एक्सल मिळून एक बंद नळकांडे येते, त्याला कार्ट्रिज म्हणतात. ते धुता येत नाही, खराब झाले की बदलायचे. आणखी महागड्या सायकलीत बेअरिंग फ्रेमच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या कपात असते.

बीबी गेली हे कसे ओळखायचे? क्रँक हाताने धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहा. दोन्ही क्रँक एकदम हलत असतील तर दोष बीबीत आहे. एकच हलत असेल तर बहुधा त्या क्रँकचा बोल्ट किंवा कॉटर ढिला आहे आणि बीबीला हात लावायची गरजच नाही. पॅडल मारताना येणारा ‘टक-टक’ आवाज फसवा असतो. तो पॅडलचा, सीटच्या नळीचा, अगदी चेनव्हीलच्या बोल्टचाही असू शकतो. ते सगळे आधी घट्ट करून पाहावे.

कोरड्या सोलापुरात गंज येतो कुठून?

पाऊस कमी, हवा कोरडी, मग गंज कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण फ्रेममध्ये बीबीची नळी सर्वांत खाली असते. सीटच्या दांड्याजवळच्या फटीतून, बाटलीच्या स्टँडच्या बोल्टमधून शिरलेले पाणी उतरत उतरत तिथेच साचते. काही फ्रेमना खाली पाणी जाण्यासाठी बारीक भोक असते, ते चिखलाने बुजलेले असते. त्यात नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने सायकल धुवायला बहुतेक घरांत बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले जाते. पाणी उडून जाते, क्षार आट्यांत राहतात. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा तर बेअरिंगचे रबरी सील ओलांडून पाणी आत ढकलतो. मोटारसायकलसोबत सायकलही तिथेच धुऊन घेण्याची सवय बीबीला महागात पडते.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखी वाटी आवळून धरतो. फ्रेम अॅल्युमिनियमची आणि वाटी पोलादाची असेल तर भर पडते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात अॅल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बसते. कारखान्यातून सायकल आली तेव्हा आट्यांना ग्रीस लावलेलेच नसेल, आणि स्वस्त सायकलीत ते अनेकदा नसते, तर दोन-तीन पावसाळ्यांत काम पक्के होते.

उजवीकडचे आटे उलटे का?

जाम बीबीच्या निम्म्या कहाण्या या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक आट्यांच्या गिअर सायकलींत इंग्लिश मापाचे आटे असतात. व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. या मापाला जगभर ‘बीएसए’ म्हणतात. हे नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या इंग्लंडमधल्या कंपनीचे. १८६१ मध्ये बंदुका बनवण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढे सायकलीकडे वळली. आपल्याकडे बीएसए म्हटले की शाळेतल्या दिवसांची एसएलआर आठवते. ते नाव आणि बीबीच्या कपावर कोरलेली तीन अक्षरे एकाच घराण्यातली.

या मापात डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की सुटणारे. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे. ती वाटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. आपल्या हाताला बाटलीच्या झाकणापासून सवय नेमकी विरुद्ध दिशेची.

असे का केले? मूठ सैल बंद करून त्यात पेन्सिल उभी धरा आणि पेन्सिलीचे वरचे टोक मुठीच्या कडेने गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती सरकते. पॅडल मारताना एक्सलचा दाब वाटीच्या आत असाच गोल फिरतो आणि वाटी कणाकणाने उलट्या दिशेला सरकू पाहते. उजवीकडे साधे आटे असते तर ती हळूहळू सुटली असती. उलट्या आट्यांमुळे ती आवळली जाते. जुन्या इटालियन सायकलींत दोन्ही बाजूंना साधेच आटे असतात, व्यास ३६ मिमी. त्यांची उजवी वाटी पुरेशी आवळली नाही तर चालता चालता सुटते, ही तक्रार जुनी आहे. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात त्यामागेही हेच कारण. फक्त तिथे बाजू बदलते. पॅडलमध्ये डावे उलटे, बीबीत उजवी उलटी. पॅडल काढायची सवय असलेला माणूस म्हणूनच बीबीपाशी हमखास गोंधळतो.

लक्षात ठेवायची सोपी खूण अशी. सायकल चाकांवर उभी असताना पान्याचा दांडा वरच्या दिशेला येईल असा लावा आणि तो पुढच्या चाकाकडे ओढा. इंग्लिश आट्यांत दोन्ही बाजू अशाच सुटतात. पण आपल्याकडे सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करूनच काम होते. तशी केली तर वर असलेला दांडा मागच्या चाकाकडे ओढावा लागेल. डोके गरगरायला लागले तर एवढेच करा. ज्या बाजूचे काम आहे त्या बाजूला तोंड करून उभे राहा आणि घड्याळ आठवा. उजवीकडे काट्याच्या दिशेने, डावीकडे काट्याच्या उलट. सायकल कशीही ठेवली तरी हे बदलत नाही. खडूने फ्रेमवर बाण काढून ठेवायला लाजू नये.

आधी क्रँक, मग बीबी

जुन्या सायकलीत क्रँक कॉटरने धरलेली असते. कॉटरचा नट पूर्ण काढून टोकावर हातोडा मारला की टोक पसरते आणि कॉटर कायमचा अडकतो. नट टोकाच्या पातळीपर्यंत ठेवून, क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा टेकू देऊन एकच नेमका घाव घालावा. टेकू नसेल तर घावाचा सगळा दणका छऱ्यांवर जातो. नवा कॉटर स्वस्त असतो, त्यामुळे जुना जपण्यात अर्थ नाही.

गिअरच्या सायकलीत चौकोनी एक्सलवर क्रँक दाबून बसवलेली असते. तिला क्रँक पुलर लागतो. बोल्टसोबतचा वायसर आतच राहिला तर पुलर क्रँकला ओढण्याऐवजी वायसरलाच ढकलत बसतो, तेव्हा आत बोट घालून पाहा. पुलरचे आटे क्रँकमध्ये शेवटपर्यंत हाताने बसवा. अर्धवट बसवून ताकद लावली तर अॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि मग क्रँक काढायचा सभ्य मार्ग उरत नाही.

जाम वाटी सुटते कशी?

सुरुवात तेलाने, आणि तेलाला वेळ देण्याने. गंजात शिरणारे पातळ तेल हार्डवेअरच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळते. रेशनचे रॉकेल आता फारसे दिसत नाही, डिझेल काही प्रमाणात तेच काम करते. कार्ट्रिज असेल तर डावी वाटी आधी काढायची. ती बहुधा सोपी असते. ती निघाली की सायकल उजव्या अंगावर आडवी करा आणि डावीकडच्या उघड्या नळीतून आत तेल सोडा. उजवे आटे आता तळाला आहेत, तेल रात्रभर त्यांच्यावर उभे राहते. बाहेरून मारलेला फवारा कपाच्या कडेवरून ओघळून जातो, आतून घातलेले तेल जागेवर पोचते. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा हिचाच आहे.

पुढचा धोका पाना निसटण्याचा. शिमानोसारख्या कार्ट्रिजला आतून २० दात असतात, त्यात दात्यांचे टूल बसते. दात उथळ असतात. जोर लावताना टूल तिरके झाले की दात चेपतात आणि बोटे चेनव्हीलवर आपटतात. उपाय सोपा आहे. क्रँकचाच बोल्ट मोठ्या वायसरसह एक्सलमध्ये लावून टूल जागेवर दाबून ठेवा. बोल्ट हाताने आवळला तरी पुरे. वाटी पाव फेरा सुटली की तो बोल्ट थोडा ढिला करत जा, नाहीतर बाहेर येणारी वाटी त्यालाच अडेल.

आता जोर. असे कार्ट्रिज बसवताना ५० ते ७० न्यूटन-मीटर ताकदीने आवळतात. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर साधारण २० किलोचा जोर दिला की ५० न्यूटन-मीटर होतात. जाम झालेली वाटी याच्या कैकपट मागते. पान्यावर पाइप चढवून लांबी एक मीटर केली तर त्याच २० किलोत २०० मिळतात. झटके देण्यापेक्षा हळूहळू वाढवलेला दाब बरा. ‘कट्’ असा आवाज आला की थांबून पाहा, वाटी हलली की टूल निसटले. मधूनमधून पान्याच्या दांड्यावर हातोडीच्या हलक्या टिचक्या मारल्या तर गंजाची पकड मोडायला मदत होते.

तरीही नाही, तर व्हाइस. टूल व्हाइसमध्ये उभे पकडायचे, चाके काढलेली फ्रेम त्यावर आडवी बसवायची आणि फ्रेमच स्टिअरिंगसारखी फिरवायची. इतका लांब पाना दुसरा नाही. दिशा इथे पुन्हा फसवते. उजवी बाजू खाली असेल तर वरून पाहताना फ्रेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, डावी बाजू खाली असेल तर उलट. फ्रेम आडवीच राहू द्या. ती वर-खाली झुलली तर दात चेपतील. फ्रेमला फटके मारू नयेत, पातळ नळ्या वाकतात.

जुन्या दांड्याच्या सायकलीची उजवी वाटी हे वेगळे प्रकरण आहे. तिला पाना लावायला दोन चपट्या बाजू तेवढ्या असतात, त्याही पातळ. पण मुळात ती काढायची गरज आहे का, हे आधी विचारा. डावी वाटी आणि लॉक रिंग काढून एक्सल बाहेर घेतला की उजवी वाटी जागेवरच कापडाने पुसता येते, बोट फिरवून तपासता येते. आत खड्डे पडलेले नसतील तर नवे छर्रे आणि ग्रीस भरून गाडी पुढे चालते. रस्त्याकडेचे जाणते मिस्त्री वर्षानुवर्षे हेच करतात. तो आळस नव्हे.

वाटी खराबच असेल तर अमेरिकेतले सायकल मिस्त्री आणि लेखक शेल्डन ब्राऊन यांनी प्रसिद्ध केलेली एक युक्ती आहे. साधारण १६ मिमी जाडीचा बोल्ट, नट आणि जाड वायसर एवढेच सामान. बोल्ट बाहेरून वाटीच्या भोकातून घाला, आतल्या बाजूने वायसर आणि नट लावून वाटी दोन्हींच्या मध्ये करकचून आवळा. मग आतला नट सोडून द्या आणि बाहेरचे बोल्टचे डोके घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतच राहा. बोल्ट आवळला जाण्याची दिशा आणि इंग्लिश आट्यांची उजवी वाटी सुटण्याची दिशा एकच आहे. त्यामुळे जितका जोर लावाल तितकी पकड वाढते, पाना निसटण्याचा प्रश्नच राहत नाही. चेनच्या दिशेला उलटे आटे देणाऱ्यांनी नकळत केलेली ही मदत.

आच द्यावी का?

मे महिन्यात सोलापुरात उन्हात ठेवलेल्या सायकलीला हात लावता येत नाही. पण त्या उन्हाने बीबी सुटत नाही, कारण वाटी आणि फ्रेम दोन्ही सारख्याच तापतात. उपयोग होतो तो एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त फुगला तर. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. म्हणून अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी वाटी अडकली असेल तर नळीभोवती कापड गुंडाळून उकळते पाणी ओतणे फायद्याचे ठरते. उलट, पोलादी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची वाटी असेल तर गरम केल्यावर ती अधिकच आवळते. तिथे वाटीला बर्फ लावून पाहावे. कार्बनच्या फ्रेमला आच अजिबात नको. गॅसची ज्योत कोणत्याच सायकलीला घरी लावू नये. रात्रभर मुरवलेले तेल पेट घेते, हे ऐन वेळी आठवत नाही.

मिस्त्रीकडे की लेथवर?

टूलचे दात चेपले, वाटीच्या चपट्या बाजू गोल झाल्या, तर घरचे प्रयत्न तिथेच थांबवा. शेवटचा उपाय म्हणजे हॅक्सॉ ब्लेडने वाटीला आतून उभी चीर पाडणे आणि मग छिन्नीने ती आत दुमडून काढणे. ब्लेड फ्रेमच्या आट्यांपर्यंत पोचण्याआधी थांबावे लागते. हे लेथवर हात बसलेल्या माणसाचे काम. यंत्रमागांच्या या शहरात असे हात कमी नाहीत. पण कामाला देताना उजवे आटे उलटे आहेत, हे तोंडी आणि खडूने, दोन्हीप्रकारे सांगा. लेथवाला रोज साधे आटे पाहतो.

आटे खराब झालेच तर फ्रेम लगेच भंगारात टाकू नका. थोडे खराब असतील तर टॅप मारून साफ होतात. पूर्ण गेले असतील तर नळी थोडी मोठी करून इटालियन मापाचे आटे पाडता येतात. १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी आणि इटालियन ३६ मिमी, एवढा धातू पोलादी फ्रेममध्ये सहसा निघतो. आटे न वापरता दोन्ही बाजूंनी आवळून बसणारी कार्ट्रिजही मिळते. रोज कामावर सायकलने जाणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण फ्रेम गेली म्हणजे सायकलच गेली. आणि ढिल्या बीबीवर तशीच सायकल चालवणे, तेही ऊसगाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या शेजारून, हा पर्याय धरूच नये.

नवी बसवताना

जुनी बीबी दुकानात सोबत न्या. तीन मापे जुळावी लागतात. आट्यांचा प्रकार कपावर कोरलेला असतो. फ्रेमच्या नळीची रुंदी बहुधा ६८ किंवा ७३ मिमी असते. आणि एक्सलची लांबी, उदाहरणार्थ ११०, ११३, ११८ किंवा १२२.५ मिमी. लांबी चुकली तर चेन गिअरवर सरळ बसत नाही किंवा चेनव्हील फ्रेमला घासते.

फ्रेमचे आटे जुन्या टूथब्रशने आणि डिझेलने साफ करा, कोरडे पुसा, मग सढळ हाताने ग्रीस लावा. उजवी बाजू आधी, हातानेच, काट्याच्या उलट दिशेने. पहिले तीन-चार फेरे बोटांनी गेलेच पाहिजेत. अडले तर आटे तिरके बसले आहेत, काढून पुन्हा सुरुवात करा. खालचे पाण्याचे भोक तारेने मोकळे करा. क्रँकचे बोल्ट पहिल्या दोन-चार दिवसांच्या वापरानंतर पुन्हा एकदा आवळा, नवी क्रँक एक्सलवर बसताना थोडी सरकते.